बडग्याची धून

राग सगळ्यांनाच येतो. भाताच्या उकळीसारखा येतो आणि झाकण काढलं की बसतो. कवडूचा राग त्या जातीचा नव्हता. तो मुरायचा. वरून माणूस गरीब गाय, कोणी टाकून बोललं तरी मान खाली. आत मात्र बरणी भरलेली. नागपूरच्या ज्या कापडगिरणीत त्यानं उभी हयात काढली, तिथले जुने लोक अजूनही कोणी फार दात-ओठ खायला लागला की म्हणतात, "जाऊ दे गा, कवडू नको होऊ."

जन्म सावनेरकडच्या एका खेड्यातला. आधीची दोन मुलं दगावली, म्हणून हा जन्मला तेव्हा आईनं याला सुईणीच्या ओटीत टाकलं आणि एक कवडी देऊन परत विकत घेतलं. हेतू हा की यमाला वाटावं, हे या घरचं पोर नव्हेच. यम फसला. पण बापाला, धोंडबाला, हे पोरगं शेवटपर्यंत कवडीच्याच मोलाचं वाटत राहिलं. वखराला जड, बैलाला भितं, आणि बोलायला गेलं तर तोंडातल्या तोंडात. "हा जगला तं जगला," धोंडबा लोकांना सांगायचा, "पर कायले जगला थे मले अजून समजलं नाई."

मिसरूड फुटलं तसा कवडू नागपूरला आला आणि गिरणीच्या पिंजणखात्यात लागला. तिथे कापसाची भुकटी अशी उडायची की संध्याकाळी बायको नवऱ्याला आधी फडक्यानं झटकायची आणि मग घरात घ्यायची. तो गिरणीच्या बँडात गेला तो संगीताच्या ओढीनं गेला असं कोणी सांगितलं तर ते साफ खोटं आहे. बँडवाल्यांना तालमीसाठी तासभर लवकर सुटी मिळायची. भुकटीतून तासभर आधी सुटका, एवढ्याचसाठी तो गेला. छाती भरदार होती, म्हणून त्याच्या हातात क्लॅरिनेट आली. मोडकी होती, एका बटनाला रबर बांधलेलं होतं.

बँडाचे मास्तर ताराचंद. कामठीच्या छावणीत एका पलटणीच्या बँडात त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. मिशीला मेण, पँटला इस्त्री, हातात ताल दाखवायची काडी आणि जिभेवर कारलं. एखाद्याचा सूर घसरला तर त्याच्या आईबापापासून सुरुवात करायचे. शिवाय कोण तालमीला दांडी मारून सिनेमाला गेला, ही खबर मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर तेच पोचवायचे. गिरणीतला एकही माणूस त्यांच्याबद्दल बरं बोलत नसे. पण वाजवायला लागले की सगळ्यांची तोंडं बंद. निवृत्त होऊन कामठीलाच घर केलेलं. रोज बसनं यायचे, बसनं जायचे.

या मास्तरांजवळ एक चीज होती. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिकडे ऑस्ट्रियाच्या कोणा माणसानं एकट्या क्लॅरिनेटसाठी रचलेला कन्सर्टो. विलायतेला परत जाताना पलटणीच्या गोऱ्या बँडमास्तरानं त्याचे कागद ताराचंदांना देऊन टाकले होते. मूळ तो तंतुवाद्यांच्या ताफ्याबरोबर वाजवायचा. मास्तरांनी खपून तो आपल्या पितळी बँडावर बसवला होता. बँडवाले त्याला "मोठं गाणं" म्हणायचे. तीन तुकडे: पहिला दुडका, शेवटचा धावता आणि मधला संथ. मधल्याची चाल तर आपल्या भजनासारखी. आधी क्लॅरिनेट एकटी एक ओळ म्हणते आणि थांबते, मग सगळा बँड तीच ओळ तिच्यामागून म्हणतो. बुवा पुढे, टाळकरी मागे.

कवडूनं तो मधला तुकडा पहिल्यांदा ऐकला तो दाराबाहेर उभं राहून. मास्तर एकटेच वाजवत होते. कवडूला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण त्याचे पाय जागचे हलेनात. आयुष्यात त्याला कोणी इतक्या शांतपणे काही सांगितलं नव्हतं. बापानं तर नाहीच. त्या दिवसापासून बँड त्याला तासाभराच्या सुटीचा राहिला नाही. सकाळच्या भोंग्याआधी येऊन तो बँडाच्या खोलीत फुंकत बसायचा. क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पत्ती चावून चावून ओठाला घट्टा पडला. तीनेक वर्षांत मोठं गाणं त्याच्या बोटांत उतरलं, आणि मास्तरांच्या ते लक्षात आलं.

"इस साल सालगिरह में सोलो तू बजाएगा," ते एक दिवस म्हणाले. मास्तरांच्या तोंडून शिवी सोडून दुसरं काही निघतंय यावरच बँडवाल्यांचा विश्वास बसेना.

गिरणीचा वाढदिवस जानेवारीत असायचा. मोठा मांडव, पुढे खुर्च्यांवर साहेबलोक, मागे सतरंज्यांवर कामगार आणि त्यांच्या घरची माणसं. कवडू खेड्यात गेला आणि बापाला म्हणाला, "बाबा, यंदा मी एकटा वाजवून राहिलो. सारा बँड माह्या मागून वाजवन." धोंडबानं चिलीम बाजूला ठेवली. पोरगं एवढं लांब वाक्य कधी बोललं नव्हतं. गावातली चार माणसं बरोबर घेऊन, नवं धोतर नेसून, म्हातारा बसनं नागपूरला आला. गोपिकेनं, कवडूच्या बायकोनं, सगळ्यांना पाटवड्या करून घातल्या. धोंडबा जेवताना कोणाला ऐकू जाईल न जाईल असं म्हणाला, "पोट्टा काईतरी शिकला म्हणा." कवडूनं ते ऐकलं. तेवढ्यावर तो जन्मभर जगला असता.

मांडवात बँड बसला. कवडूनं पत्ती ओली करून ठेवली. एवढ्यात मास्तर आले, त्यांच्या हातात त्यांची स्वतःची क्लॅरिनेट. त्यांनी कवडूच्या हातातली काढून घेतली, खुर्चीखाली ठेवली आणि त्याच्या हातांत झांजा दिल्या. "दिल्ली से साहब लोग आए हैं. आज रिस्क नहीं. पीछे खड़ा हो जा."

खरं म्हणजे त्या सबंध कन्सर्टोत झांजांना काहीच काम नाही. सुरुवातीला नाही, शेवटाला नाही. अख्खं मोठं गाणं संपेपर्यंत कवडू दोन्ही हातांत पितळेच्या दोन थाळ्या धरून मागे उभा राहिला, आणि समोर सतरंजीवर बाप मान उंच करकरून पाहत राहिला की ह्याचा नंबर आता येईल, मग येईल. मास्तर सुरेख वाजवत होते. कवडूला ते दुपटीनं लागलं. वाईट वाजवलं असतं तर निदान हसता आलं असतं.

कार्यक्रम संपल्यावर धोंडबा म्हणाला, "तू काहून उभा होता गा? साऱ्याईनं वाजवलं, तू ताटं धरून राहिला. पंगत वाढाची होती का तुले?"

गावची माणसं हसली. वाईट बुद्धीनं नाही, पण हसली. आणि गावात जाऊन त्यांनी तेच सांगितलं. त्या उन्हाळ्यात धोंडबाला लू लागली आणि दोन दिवसांत आटोपलं. सरण पेटल्यावर लोक नदीच्या काठाला बसले होते, तेव्हा शेजारच्या वावरातल्या माणसानं कवडूला सहज विचारलं, "काय गा, तू थ्या बँडात ताटं धरतो म्हणे?"

तिथे बरणीचं तोंड बांधलं गेलं. कवडू घरी आला आणि गोपिकेला म्हणाला, "त्यानं माह्या बापासमोर माह्या हातातून गाणं काढलं. मी त्याच्या हातातून साऱ्या दुनियेसमोर काढीन."

"काढाचं कायले?" गोपिका म्हणाली. "तुमाले येते ना? मले वाजवून दाखवा. मी ऐकीन."

"चुलीपाशी वाजवाले नाई शिकलो मी," कवडू म्हणाला.

मास्तरांनी पुढच्या वर्षी सोलो देण्याचं पुन्हा कबूल केलं आणि पुढच्या वर्षीही स्वतःच वाजवलं. त्यांच्या पोटात काय होतं कोणी सांगावं? त्यांनाही ते गाणं सोडवत नसेल. पण कवडूला त्यांच्या पोटाशी कर्तव्य नव्हतं. तो रोज वेळेवर यायचा, मास्तरांची खुर्ची पुसायचा, शिव्या खायचा, "जी मास्तर" म्हणायचा. पोटात एक, ओठांत एक. मास्तरांना वाटलं, पोरगा सुधारला. साप म्हणू नये धाकटा, हे छावणीत कोणी त्यांना शिकवलं नसावं.

कवडू वाट पाहत होता मारबतीची. ज्यांनी नागपूरचा पोळा पाहिला नाही त्यांना एवढं सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. बांबू-कागदाच्या ह्या अक्राळविक्राळ बाया गावातली रोगराई, इडा-पीडा सगळी उचलून गावाबाहेर नेतात आणि तिथे जळतात. त्यांच्यामागून निघतात बडगे. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला त्याचा पुतळा. महागाईचा, लाचखाऊचा, गल्लीतल्या सावकाराचा. बडग्यामागे माणसं ओरडतात, "घेऊन जा गे मारबत." त्या दिवशी कोणी कोणाचं मनावर घ्यायचं नसतं. जो घेईल, त्याचाच पुढच्या वर्षी बडग्या.

शहरातल्या बुधवारी भागात मारोतराव नावाचा दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस होता. बडग्या करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कवडू त्याच्याकडे गेला. "मिशीले मेण पाहिजे," तो म्हणाला. "पँटले इस्त्री. एका हातात काडी, दुसऱ्या हातात बाजा. अन् बाजा तोंडात नाई, पोटात जाऊन राहिला असा कर."

"कोन व्हय हा?" मारोतरावानं विचारलं.

"दुसऱ्याचं गाणं खाणारा."

मारोतरावानं तेच पाटीवर लिहिलं. आणि बडग्या असा उतरला की गिरणीतलं शेंबडं पोरही मास्तरांना ओळखेल.

पुतळा कोणीही करील. कवडूची खरी करामत पुढची. बँडातले चार पोट्टे, एक ढोल आणि एक ताशा एवढं घेऊन, तोंडाला काळा-पिवळा रंग फासून तो बडग्यासमोर उभा राहिला आणि त्यानं मोठ्या गाण्याचा मधला तुकडा काढला. संथ नाही. ढोलाच्या ठेक्यावर, नाचता येईल असा. क्लॅरिनेटनं एक ओळ म्हटली आणि ती थांबली. जिथे बँडानं तिच्यामागून म्हणायचं, तिथे कवडूनं हात वर केला आणि बँडातले पोट्टे ओरडले, "घेऊन जा गे मारबत." दुसरी ओळ. पुन्हा हात. आता गल्ली ओरडली. इतवारीत पोचेपर्यंत हात वर करायची गरजच राहिली नव्हती. क्लॅरिनेट थांबली की हजारो माणसं आपसूक जबाब द्यायची. बायका गच्चीवरून द्यायच्या, कडेवरची पोरं द्यायची. त्या ऑस्ट्रियातल्या माणसानं जणू ती जागा ह्या आरोळीसाठीच मोकळी सोडली होती. एवढं चपखल बसलं.

संध्याकाळी बडग्या जळाला तेव्हा कवडू त्याच्याकडे टक लावून पाहत होता. मिशीचं मेण आधी पेटलं. कवडूला फार बरं वाटलं. इतकं बरं त्याला लग्नातही वाटलं नव्हतं.

मास्तर पोळ्याच्या सुटीत कामठीला होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या जिभेला भिऊन कोणी सांगायला गेलं नाही. कवडूनं हेही धरलेलंच होतं. महिने गेले. जानेवारी आला. मांडव पडला, खुर्च्या लागल्या, आणि ताराचंद मास्तर क्लॅरिनेट घेऊन उभे राहिले. ह्या खेपेला कवडू मागच्या रांगेत दुसरी क्लॅरिनेट वाजवत होता. झांजा एका पोट्ट्याच्या मांडीवर पडल्या होत्या.

पहिला तुकडा नीट पार पडला. साहेबलोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मास्तरांनी डोळे मिटले आणि मधल्याची पहिली ओळ म्हटली. ओळ संपली. बँडानं सूर लावायच्या आत सतरंज्यांच्या शेवटच्या कोपऱ्यातून कोणी अगदी हलक्या आवाजात म्हणालं, "घेऊन जा गे मारबत."

खसखस पिकली. मास्तरांना वाटलं, कोणाचं काही पडलं असेल. त्यांनी दुसरी ओळ म्हटली. आता अर्धा मांडव बोलला. मास्तरांनी डोळे उघडले. तिसऱ्या ओळीला पंगतीच्या पंगती डोलत होत्या, बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि खुर्च्यांवरचे साहेब एकमेकांना विचारत होते की हे मूळ रचनेत आहे का. मास्तरांचा ओठ सुटला. क्लॅरिनेटमधून बदकाचा आवाज निघाला. त्यांनी ती खाली घेतली आणि तसेच उभे राहिले. छावणीतला ताठ माणूस, पण त्याला आपले हात कुठे ठेवावे ते कळेना. कवडू मागून पाहत होता. त्यानं मनात बापाला सांगितलं, पाहून घ्या बाबा, आता कोण उभा आहे.

मांडव रिकामा झाल्यावर मास्तर त्याच्याकडे आले. कोणी तरी तोवर त्यांना सांगितलं असावं.

"तूने किया?"

"मीच केलं," कवडू म्हणाला. लपवण्यात त्याला काडीचा रस नव्हता. उट्टं काढायचं आणि कोणी काढलं ते कळू द्यायचं नाही, तर काढलं कशाला?

"मुझे मारता," मास्तर म्हणाले. "चौक में जूता मारता. उस चीज को काहे हाथ लगाया?"

कवडू हसला. मास्तरांना इतकं लागलेलं पाहून त्याला हसूच आलं. वर्षाच्या आत मास्तरांनी गिरणी सोडली. जाताना मोठ्या गाण्याचे कागद बँडाच्या कपाटात ठेवून गेले. बँडाची काडी कवडूच्या हातात आली. काट्यानं काटा निघाला होता, आणि काटा काढणाराच आता खुर्चीवर बसला होता. गोष्ट इथे संपवली तर कवडूला आवडलं असतं.

पण लोकांना ती धून आवडली होती. पुढच्या पोळ्याला दुसऱ्या एका बँडानं ती महागाईच्या बडग्यापुढे वाजवली. त्याच्या पुढल्या वर्षी उंदरांच्या बडग्यापुढे. मग लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या मित्रांची फर्माईश येऊ लागली, "बडग्याची धून होऊन जाऊ द्या." वर्षाकाठी ती कवडूच्याच गल्लीतून चारदा जायची. त्याच्या लेकीला मूल झालं, ते खोकलं की गोपिका त्याच्या पाठीवरून हात फिरवत नकळत तीच ओळ गुणगुणायची आणि शेवटाला म्हणायची, "घेऊन जा गे मारबत." कवडू उठून बाहेर जायचा.

आणि मोठं गाणं होतं तिथेच होतं, त्याच्या बोटांत. सोलो आता त्याचा होता, बँड त्याचा होता, अडवणारं कोणी नव्हतं. पण दर जानेवारीला तो दुसरं काही तरी वाजवायचा. लोक विसरतील, तो मनाशी म्हणायचा. पुढच्या साली. ज्या विहिरीचं पाणी प्यायचं तिच्यातच त्यानं मेलेलं कुत्रं टाकलं होतं, आणि आता काठावर बसून पाणी निवळायची वाट पाहत होता. वर पुन्हा रागही त्याला मास्तरांचाच यायचा. तो म्हातारा नसता तर मला हे करावं लागलं असतं का? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. कवडूचा सुंभही धड जळाला नव्हता.

अशी दहाएक वर्षं गेली. आणीबाणी आली आणि गेली. कवडूचे पुढचे दोन दात हलायला लागले. क्लॅरिनेटवाल्याचे पुढचे दात म्हणजे घराचे खांब. ते गेले की संपलं. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळून चुकलं. त्यानं नोटीस बोर्डावर लावलं की यंदा वाढदिवसाला मोठं गाणं होईल. मग खात्याखात्यात जाऊन त्यानं लोकांना हात जोडले. जन्मात कधी कोणापुढे हात जोडले नव्हते.

"मधल्यात कोणी बोलू नोका गा," तो सांगायचा. "एक डाव मले पुरं वाजवू द्या."

"नाई बोलत, कवडूजी," लोक म्हणायचे. तोवर तो त्यांचा लाडका झाला होता. सगळ्यांनी मनापासून कबूल केलं.

त्या वर्षी मॅनेजरसाहेबांनी गिरणीच्या जुन्या माणसांना शाल-श्रीफळ द्यायचं काढलं. कवडू मांडवात गेला तर पहिल्या रांगेत, खुर्चीवर, काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ताराचंद मास्तर बसलेले. मिशी पांढरी, मेण तेच. कवडूनं मान वळवली.

पहिला तुकडा चांगला झाला. मग मांडव एकदम गप्प झाला. लोक खरोखर शब्दाला जागत होते. काहींनी तर तोंडावर हात धरला होता. कवडूनं मधल्याची पहिली ओळ म्हटली, जशी दाराबाहेर उभं राहून ऐकली होती तशी, अगदी सावकाश. ओळ संपली. तो थांबला.

सतरंज्यांच्या पुढे लहान पोरं बसली होती. त्यांच्याकडून कोणी वचन घेतलं नव्हतं. ती जन्मली तेव्हापासून ह्या ओळीनंतर एकच गोष्ट येत होती. त्यांनी निरागसपणे, एका सुरात ती म्हटली.

आयांनी त्यांना दटावलं. पण हसू फुटलं ते फुटलंच. दुसऱ्या ओळीला पोरं आणखी जोरात म्हणाली आणि मोठ्यांच्या तोंडावरचे हात सुटले. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट प्रेमच होतं. कवडूजींची धून होती ना ती. अख्खा मांडव आनंदानं डोलत जबाब देत होता. कवडू वाजवत राहिला. त्याचे डोळे एकेका चेहऱ्यावर फिरत होते, कोणी तरी ऐकतंय का ते शोधत होते. बायकोला शोधलं, तर गोपिका मान खाली घालून रडत होती. तिला गाणं ऐकू येत नव्हतं, फक्त नवऱ्याचे हाल दिसत होते.

ऐकत होता एकच माणूस. ताराचंद मास्तरांनी डोळे मिटले होते. भोवतीची आरोळी त्यांच्या गावीही नव्हती. काठीच्या मुठीवर त्यांची बोटं हलत होती, आणि ती कवडूच्या बोटांबरोबर, सुरासुराला, जिथे हवीत तिथेच पडत होती. चेहरा असा निवांत झाला होता की हा माणूस कधी कोणाला शिवी देत असेल हे खरं वाटू नये.

कवडूला तेवढा एक श्रोता पुरला असता. दुसरा कोणीही असता तर पुरला असता. पण हा तोच मास्तर होता. बापाच्या कानांवर पडायचं ते पुन्हा ह्याच्याच कानांत जात होतं. तेव्हाही ह्यानंच खाल्लं आणि आताही हाच खात होता, डोळे मिटून, चवीनं. तिसरी ओळ अर्ध्यावर असताना कवडूनं क्लॅरिनेट ओठांपासून काढली. बँडाकडे वळून त्यानं ढोलवाल्याला खूण केली आणि पुढच्या क्षणी तीच धून पोळ्याच्या ठेक्यावर, धडाक्यात सुरू केली.

मांडव उठून उभा राहिला. पोरं नाचायला लागली. मॅनेजरसाहेबही खुर्चीत ताल धरून होते. मास्तरांनी डोळे उघडले. कवडू वाजवता वाजवता त्यांच्याकडेच पाहत होता, त्यांचं तोंड उतरताना पाहून घेत होता. त्या दिवसासारखे टाळ्यांचे गजर त्याला आयुष्यात मिळाले नाहीत.

लोक चहा-चिवड्याकडे पांगले. कवडू स्टेजच्या कडेला बसून क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करत होता. मास्तर काठी टेकत आले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. खांद्यावर नवी शाल होती.

"आगे और था, कवडू," ते म्हणाले.

"मालूम आहे मले."

"बहुत अच्छा जा रहा था. मुझसे अच्छा." म्हाताऱ्यानं काठीनं रिकाम्या सतरंज्या दाखवल्या. "बजा ले. अब बजा ले ना, पूरा. देख, यहाँ कोई नहीं है."

कवडूनं पत्ती पुसली, तिच्या डबीत ठेवली आणि वर पाहिलं.

"तुमी आहा ना, मास्तर," तो म्हणाला. मग पेटीला कडी लावून तो घराकडे निघाला.